टायरची वही आधी, स्पॉन्सरची फाइल नंतर: रेसमध्ये उतरणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सातारा-सांगलीकडची पोरं रेसमध्ये उतरताना बहुतेक वेळा क्रम उलटा लावतात. आधी गाडीवरचे स्टिकर ठरतात. मग स्पॉन्सरच्या दुकानात चकरा होतात. जे पैसे हाती येतात त्यात बसेल तो टायर घेतला जातो आणि डावपेच स्टार्टच्या रांगेत उभं राहिल्यावर सुचतात. दोन हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या छोट्या फेऱ्यांत, मागचा टायर संपतो, फायनलमध्ये गाडी घसरते आणि पुढच्या वर्षी तोच स्पॉन्सर फोन उचलत नाही.

बरोबर क्रम असा आहे: मैदान, टायर, हवा, झिजेची नोंद, रेसचा बेत आणि मग पैशांची मागणी. हे टप्पे डर्ट ट्रॅकवरच्या मोटारसायकलींना, ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानात आखलेल्या मार्गावरच्या) मोटारींना आणि कार्टिंगला लागू पडतात. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या डांबरी ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. आकडेमोड समजावी म्हणून मध्ये फॉर्म्युला वनची उदाहरणं घेतली आहेत.

टप्पा १: नियमपुस्तक वाचा, मग मैदान पाहा

एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेसाठी स्पर्धकाचा परवाना लागतो आणि प्रत्येक स्पर्धेची स्वतःची नियमावली निघते. ती हातात आली की प्रवेश फी पाहण्याआधी त्यात तीन गोष्टी शोधा.

एक, टायर मोकळा आहे की ठरवून दिलेला. अनेक मालिकांमध्ये सगळ्यांना एकाच कंपनीचा टायर वापरावा लागतो. फॉर्म्युला वनमध्ये २०११ पासून फक्त पिरेली आहे, मोटोजीपीमध्ये २०१६ पासून मिशेलिन. दोन, सराव, पात्रता फेरी आणि रेस मिळून किती टायर वापरता येतात. तीन, गाडीवरच्या कोणत्या जागा आयोजकांच्या स्टिकरसाठी राखीव आहेत. हा तिसरा मुद्दा टप्पा ७ मध्ये पैशांशी जोडला जाणार आहे, म्हणून आत्ताच गाडीचं साधं चित्र काढून त्या जागा रंगवून ठेवा.

मग मैदान. आपल्याकडे वीस किलोमीटरवर माती बदलते. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की टायरला चिकटून बसते. जत-आटपाडीकडचा मुरूम वरून भुसभुशीत दिसतो, पण खाली टणक असतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या अंगाला जांभ्याची लाल माती लागते. टाचेने चार बोटं उकरा आणि खाली काय आहे ते पाहा, कारण पहिल्या पाच लॅपनंतर वरचा थर उडून जातो आणि रेस खालच्या थरावर होते.

*तपासा:* धुरळा बसावा म्हणून टँकरने पाणी कधी मारणार, हे आयोजकांना विचारा. पाण्यानंतरची पहिली हीट आणि तासाभरानंतरची हीट ही दोन वेगळी मैदानं असतात.

टप्पा २: टायर निवडा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मातीत चालणाऱ्या नॉबी (उठावदार रबरी गुट्ट्यांच्या) टायरवर ‘हार्ड टेरेन’ लिहिलेलं पाहून लोक समजतात की रबर कडक आहे आणि जास्त टिकेल. तसं नाही. तो शब्द जमिनीबद्दल आहे. टणक जमिनीसाठीच्या टायरचे नॉब बुटके आणि जवळजवळ असतात आणि रबर सहसा मऊ असतं, कारण टणक जमिनीत नॉब रुतत नाही, रबरालाच पकड धरावी लागते. मऊ जमिनीच्या टायरचे नॉब उंच आणि लांब-लांब असतात, म्हणजे चिखल मधून गळून पडतो, आणि रबर ताठ असतं. मऊ जमिनीचा टायर मुरमावर चालवलात तर उंच नॉब वाकतात, कडा गोल होतात, मुळाशी चिरा पडून नॉब तुटायला लागतात. उलट, टणक जमिनीचा टायर काळ्या ओल्या मातीत गेला की नक्षी भरते आणि चाक गोटा झाल्यासारखं फिरतं. मैदान मिश्र असेल तर मधला, ‘इंटरमीडिएट’ प्रकार घ्या. आपल्या भागात बहुतेक वेळा तोच बरोबर ठरतो.

डांबरी ट्रॅकवर मऊ कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण, लवकर तापतं, पकड जास्त देतं आणि लवकर संपतं. कडक कंपाउंडचं उलट. याचा हिशेब टप्पा ६ मध्ये.

दुकानात टायर हातात घेतल्यावर साइडवॉलवरचा (टायरच्या बाजूवरचा) चार आकडी शिक्का पाहा. २३२४ म्हणजे २०२४ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. रेससाठी जुना साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, रबर काळानेही कडक होतं. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला, तर अजिबात नको. रुंद टायर घ्यायचा मोहही टाळा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याची गोलाई आवळली जाते आणि जमिनीला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बिघडतो.

*इशारा:* नवा टायर कसा वाटतो हे पाहायला यवतेश्वर, खंबाटकी किंवा पसरणी घाटात जाऊ नका. तिथे समोरून एसटी येते, पोरं घेऊन माणसं येतात. चाचणी फक्त बंदिस्त, परवानगी घेतलेल्या मैदानावर. ज्या टायरवर रस्त्यावर वापरायची मान्यता नाही, त्यावर गाडी घरीसुद्धा चालवत आणायची नाही, पिकअपमध्ये टाका.

टप्पा ३: बसवणं आणि रुळवणं

टायर रेसच्या सकाळी बसवू नका. दोन-तीन दिवस आधी बसवा, म्हणजे ट्यूब चिमटली असेल तर घरीच कळेल. बाणाची दिशा पाहा. टायरच्या कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर हवा काढून पुन्हा बसवा. डर्ट बाइकला रिमलॉक (टायर रिमवर सरकू नये म्हणून असलेली पकड) आवळा. व्हॉल्व्हच्या मुळाशी असलेला नट मात्र रिमला घट्ट करू नका, वर टोपीपाशी आणून ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होतो आणि तो फाटायच्या आधी तुम्हाला दिसतो.

नव्या टायरची पृष्ठभागाची चकाकी जाईपर्यंत तो घसरतो. पहिले काही लॅप हळूहळू वेग वाढवत घ्या. पात्रता फेरीच्या पहिल्याच वळणावर पडणाऱ्यांत कोरा टायर घालून आलेले बरेच असतात.

टप्पा ४: हवा

टायर कितीही महाग घ्या, हवा चुकली की तो स्वस्तातला होतो. हा टप्पा घाईत उरकू नका.

पहिला नियम: गेज एकच, स्वतःचा. पेट्रोल पंपावरचा आकडा, मित्राच्या गेजवरचा आकडा आणि तुमचा आकडा जुळणार नाहीत. गेज थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण दरवेळी सारखाच चुकला पाहिजे, तरच नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

दुसरा नियम: थंड हवा आणि गरम हवा हे दोन आकडे वेगळे लिहा. बंद टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. एप्रिलमध्ये सांगलीत पहाटे २५ अंश असताना ३० पीएसआय भरलीत आणि दुपारी पारा ४० वर गेला, तर गाडी जागची न हलता तो आकडा ३२ च्या वर जातो. डर्ट बाइकला साधारण १२ ते १५ पीएसआय ठेवतात, तिथे सकाळची १३ दुपारी १४ च्या पुढे जाते. एवढ्या फरकाने मुरमावर मागचं चाक उड्या मारायला लागतं. म्हणून स्टार्टच्या आधी सावलीत पुन्हा मोजा, आणि लॅप संपवून आल्या आल्या, हेल्मेट काढायच्या आधी, गरम आकडा कोणाला तरी घ्यायला लावा. दोन मिनिटं गेली की तो आकडा उपयोगाचा राहत नाही.

तिसरी गोष्ट बाहेर जाणाऱ्यांसाठी. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. घरासमोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ तुम्हाला थेट इरुंगट्टुकोट्टईपर्यंत नेतो, पण ते गाव जवळपास समुद्राच्या पातळीला आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब जास्त, आणि गेज आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. त्यामुळे साताऱ्यात भरलेली हवा तिथे तेवढ्याच तापमानाला एक पीएसआयच्या आसपास कमी दिसते. चेन्नईचा उन्हाळा ती पुन्हा वर नेतो. टायर गळतोय असं समजून ट्यूब बदलत बसू नका. तिथे पोचल्यावर गाडी सावलीत निवू द्या आणि शून्यापासून मोजा.

किती हवा भरायची? कंपनीने दिलेल्या मर्यादेपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच चाक, अर्धा-एक पीएसआय बदला. पुढचं-मागचं दोन्ही एकदम बदललंत तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. किमान मर्यादेच्या खाली जाऊ नका. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा पिरेली प्रत्येक रेससाठी किमान दाब ठरवून देते आणि संघांना तो पाळावा लागतो, कारण कमी हवेत साइडवॉल जास्त वाकते, आतून तापते आणि एकदम फुटते.

टप्पा ५: झीज वाचा आणि लिहा

प्रत्येक टायरला नंबर द्या. साइडवॉलवर पांढऱ्या मार्करने. मग शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, पण धुळीच्या हाताने वहीच बरी पडते. एका ओळीत हे यावं: तारीख, मैदान आणि मातीची अवस्था, हवामान, टायरचा नंबर, थंड दाब, गरम दाब, लॅपची संख्या, प्रत्येक लॅपची वेळ, आधीची आणि नंतरची खोली, आणि रायडर काय म्हणाला त्याच्याच शब्दांत.

खोली मोजताना एकाच जागी मोजू नका. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि चाकाभोवती तीन ठिकाणी. मोटारीत मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा ट्रॅकची दिशा. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर मोटारीचा भार डाव्या टायरांवर जातो, पण मोटारसायकल उजवीकडे झुकते आणि तिच्या टायरची उजवी बाजू झिजते. हे पुष्कळ जण उलट धरतात. जर्मनीतल्या साक्सनरिंग ट्रॅकवर १३ पैकी १० वळणं डावी आहेत. मोटोजीपीत अशा ठिकाणी एकाच टायरच्या दोन बाजूंना वेगवेगळं रबर दिलेलं असतं. आपल्याला तसा टायर मिळणार नाही, पण सरावात डावी-उजवी किती वळणं आहेत हे मोजून ठेवलं तर कोणती बाजू आधी जाणार हे आधीच समजतं.

डांबरावर पृष्ठभागही बघा. रबराच्या बारीक गोळ्या चिकटल्यासारखं खरखरीत दिसलं तर टायर घसरत चालला आहे, बहुधा पुरेसा तापलेला नाही. थोडं सांभाळून चालवलं तर पुष्कळदा ते साफ होतं. फोड आल्यासारखे खड्डे दिसले तर आतून जास्त तापला आहे, आणि तो काही परत येत नाही. मातीत नॉबची पुढची कड पाहा. खोली शिल्लक असली तरी कड गोल झाली की चावा गेला. टायरवर दिशेचा बाण नसेल आणि कंपनीची मनाई नसेल तर मागचा टायर उलटा करून दुसरी कड वापरता येते. सरावासाठी हा चांगला उपाय आहे.

आता आकडा काढा. समजा १२ लॅपच्या सरावात लॅप २, ३, ४ ची सरासरी ६२.० सेकंद आली आणि लॅप १०, ११, १२ ची ६३.६. फरक १.६ सेकंद, अंतर ८ लॅपचं. म्हणजे दर लॅपला ०.२ सेकंद घसरण. पहिला लॅप आणि पडलेला किंवा अडकलेला लॅप यात धरू नका.

*इशारा:* फक्त सर्वात वेगवान लॅप लिहून ठेवणारी वही निरुपयोगी आहे. त्यातून टायरबद्दल काहीच कळत नाही.

*तपासा:* घसरण टायरची आहे की रायडरच्या दमाची? तोच टायर ठेवून अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर तीन लॅप घ्या. वेळ सुधारली तर नवा टायर नको, व्यायाम हवा.

टप्पा ६: रेसचा बेत आखा

पिट स्टॉप (टायर बदलायला मध्ये थांबणं) नसलेल्या छोट्या रेसपासून सुरू करू, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तीच खेळायची असते. समजा, मऊ टायर पहिल्या लॅपला कडक टायरपेक्षा ०.८ सेकंदाने वेगवान आहे, पण दर लॅपला ०.३ ने घसरतो, कडक ०.१ ने. पाचव्या लॅपला दोघांचा वेग सारखा होतो. तरी मऊने तोवर कमाई केलेली असते, ती फिटायला नववा लॅप उजाडतो. म्हणजे ६ लॅपच्या हीटला मऊ टायर १.८ सेकंद कमावतो आणि १२ लॅपच्या फायनलला ३.६ सेकंद गमावतो. ट्रॅक अरुंद असेल, ओव्हरटेक अवघड असेल, तर फायनललाही मऊ घालून पुढे निघून दार बंद करणं शहाणपणाचं ठरू शकतं. तो निर्णय तुमचा, पण आकडा समोर ठेवून घ्या.

आता पिट स्टॉपची मोठी रेस. समजा ५० लॅप, पिटमध्ये २२ सेकंद जातात, दर लॅपला ०.१ सेकंद घसरण. न थांबता गेलात तर टायरमुळे एकूण १२२.५ सेकंद जातात (पहिल्या लॅपला शून्य, दुसऱ्याला ०.१, तिसऱ्याला ०.२ अशी बेरीज; नवा टायर घातला की पुन्हा शून्यापासून). मध्ये एकदा थांबलात तर ६० अधिक पिटचे २२, म्हणजे ८२. दोनदा थांबलात तर ३९.२ अधिक ४४, म्हणजे ८३.२. एक स्टॉप जिंकला, तोही जेमतेम. घसरण ०.१२ धरून पाहा: एक स्टॉपला ९४, दोन स्टॉपला ९१.०४. आता दोन स्टॉप जिंकले. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने बेत फिरतो. सरावातल्या नोंदी अचूक असाव्यात हा आग्रह यासाठीच आहे. (फॉर्म्युला वनच्या कोरड्या रेसमध्ये दोन वेगळी कंपाउंड वापरायची सक्ती असल्याने तिथे न थांबता जाणं तसंही चालत नाही.)

आपल्या देशातलं एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१३ च्या भारतीय ग्रांप्रीत, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये, बुद्ध सर्किटवर, ड्रायव्हर सेबास्टियन फेटेलने मऊ टायरवर सुरुवात केली आणि दुसऱ्या लॅपच्या शेवटीच तो टायर बदलून टाकला. मऊ टायर तिथे फार वेळ तग धरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने तो त्रास सुरुवातीलाच संपवून ‘मीडियम’, म्हणजे मधल्या कडकपणाच्या टायरवर, पुढे गाडी नसताना मोकळ्या हवेत लॅप काढले आणि रेस जिंकली. वाईट टायर कधी वापरायचा हाही बेताचाच भाग असतो.

बेत एका कागदावर लिहा: कोणत्या फेरीला कोणता नंबरचा टायर, किती दाब, आणि पाऊस आला तर काय. मेच्या शेवटी वळिवाची सर येणार हे गृहीतच धरा. उत्तम टायर सरावात संपवू नका, तो फायनलसाठी राखा.

टप्पा ७: आता स्पॉन्सरकडे जा

या भागात पैसा नाही हे खरं नाही. बैलगाडी शर्यतीला दुचाकी आणि ट्रॅक्टर बक्षीस लावणारी माणसं आपल्याच तालुक्यात आहेत. दुचाकीचे शोरूम, महामार्गावरची हॉटेलं, द्राक्षबागांची औषधं विकणारे, कुपवाड आणि सातारा एमआयडीसीतले छोटे कारखानदार, यांना नाव दिसायला हवं असतं. ‘दादा, काहीतरी मदत करा’ असं म्हणून गेलात की एकदाच मदत मिळते, तीही उपकार म्हणून.

वहीवरून मागणी तयार करा. एका हंगामात किती फेऱ्या, किती लॅप, एक टायर किती लॅप टिकतो, म्हणून किती टायर. त्यापुढे टायर, ट्यूब, बसवणावळ, प्रवास, प्रवेश फी वेगवेगळी लिहा. मग पूर्ण रक्कम मागू नका, तुकडे मागा: मागचे टायर एकाने, पुढचे दुसऱ्याने, प्रवास तिसऱ्याने. ज्याला आपले पैसे कुठे गेले हे झिजलेल्या टायरवर बोट ठेवून दाखवता येतं, तो दुसऱ्या वर्षीही टिकतो.

बदल्यात काय देणार तेही मोजून लिहा: कोणत्या पॅनेलवर किती मोठं नाव, किती फोटो, किती दिवस गाडी शोरूमसमोर उभी. इथे टप्पा १ मध्ये काढलेलं चित्र समोर ठेवा. राखीव जागा विकू नका. आणि मालिका एका टायर कंपनीच्या नावाने होत असेल, तर दुसऱ्या टायर कंपनीच्या स्थानिक वितरकाला गाडीवर जागा देण्याआधी आयोजकांकडून लेखी विचारून घ्या. स्टिकर काढायची वेळ स्टार्टच्या आधी आली तर रेस, पैसे आणि संबंध तिन्ही बिघडतात.

पैशांऐवजी टायर मिळत असतील तर त्यांची किंमत कागदावर लिहून घ्या. पण मिळालेला टायर मैदानाला चालणारा नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. फुकटचा चुकीचा टायर घालून पडलेल्या गाडीवरचं नाव स्पॉन्सरलाही नको असतं. २००५ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन रेसला मिशेलिनचे टायर तिथल्या आत कललेल्या (बँक केलेल्या) वळणावर सुरक्षित नाहीत असं ठरल्यावर त्या टायरांच्या १४ गाड्या रेस सुरू होण्याआधी पिटमध्ये परतल्या आणि फक्त सहाच गाड्या धावल्या. कंपनीने प्रेक्षकांचे तिकिटाचे पैसे परत द्यायचं मान्य केलं आणि पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटं विकत घेऊन दिली. टायरवर नाव असणं म्हणजे जबाबदारी असते, हे एवढ्या मोठ्या कंपनीला कळलं. तुमच्या स्पॉन्सरलाही ते आधी सांगा: टायर सुरक्षित वाटला नाही तर मी उतरणार नाही. करारात ही ओळ घाला.

करार एक पानाचा असला तरी चालेल, पण लेखी हवा. जीएसटी आणि बिलाचं आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्या.

टप्पा ८: रेसनंतरचे आठ दिवस

घरी आल्यावर टायर धुवा, खोली मोजा, वहीत शेवटची ओळ लिहा. परत वापरायचे टायर उन्हात किंवा पाण्याच्या मोटारीजवळ ठेवू नका. मोटारीतून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. अंधाऱ्या, कोरड्या खोलीत उभे ठेवा. डांबरी ट्रॅकचा टायर प्रत्येक वेळी तापून निवल्यावर थोडा कडक होतो, म्हणून लॅपसोबत तो किती वेळा तापला हेही लिहा. नक्षी शिल्लक आहे म्हणून असा टायर पुढच्या फायनलला ठेवू नका, तो सरावाला वापरा.

आठ दिवसांच्या आत स्पॉन्सरला दोन पानं पाठवा: निकाल, फोटो, त्याच्या पैशांतून आलेल्या टायरांचे नंबर, प्रत्येकाचे लॅप आणि किती पैसे शिल्लक. निकाल वाईट असला तरी पाठवा, आणि का वाईट आला ते वहीतल्या आकड्यांनी दाखवा. पुढच्या हंगामाची मागणी याच पत्रात करू नका, ती महिन्याभराने समोर बसून करा. जाताना वही सोबत असू द्या.